न लागलेली चपराक

गडगड्याचा धंदा मार खाण्याचा. सिनेमात नायकाने हात उगारला की समोरच्या गुंडाने पडायचं असतं, आणि गेली चौदा वर्षं तो गुंड गडगड्या होता. खरं नाव त्याच्या ओळखपत्रावर होतं, पण ते वाचायची गरज कधी कुणाला पडली नाही. जिन्यावरून तो असा काही गडगडत यायचा की फाइट मास्तरांनी पहिल्याच दिवशी त्याचं बारसं उरकलं.

आता गंमत बघा. या चौदा वर्षांत त्याला एकानेही मारलं नव्हतं. सिनेमातला ठोसा मारणारा मारत नाही, खाणारा खातो. मारणाऱ्याने नुसता हात फिरवायचा. कॅमेरा त्याच्या पाठीमागे असतो, त्यामुळे मूठ आणि गाल यांच्यामधली मोकळी जागा दिसत नाही. पुढची सगळी जबाबदारी पडणाऱ्याची. आधी मान वळायला हवी, मग खांदा, मग कंबर. पडताना श्वास सोडायचा, पाठ टेकायच्या आत तळहात टेकायचा, जिना असेल तर हनुवटी छातीला चिकटवून ठेवायची. थपडेचा आवाज नंतर कुणीतरी बंद खोलीत बसून भरतो. एवढं सगळं जमून आलं की प्रेक्षक टाळी वाजवून म्हणतात, काय हाणला हो नायकाने! ‘काय छान पडला’ म्हणणारा प्रेक्षक अजून जन्माला यायचाय.

गडगड्याला त्याचं फारसं वाईट वाटत नसे. बायको जुन्या गादीचा स्पंज कापून त्याला गुडघ्याच्या आणि कोपराच्या पट्ट्या शिवून द्यायची, आणि संध्याकाळी ‘आज किती वेळा?’ असं विचारायची. लोकांच्या घरी ‘आज गर्दी होती का?’ विचारतात तसं. दुःख होतं ते एकच, आणि ते खिडकीपाशी बसून लाकूड तासत असायचं. त्याचे वडील.

म्हातारा हाडाचा सुतार. सत्तरी उलटली तरी खिशात घडीची फूटपट्टी असायची, आणि कुणाच्याही घरी गेला की आधी टेबलाखाली वाकून बघायचा. ‘सांधा दिसला की काम वाया गेलं,’ हा त्याचा एकमेव सिद्धांत. दरवाजा असो, पाट असो नाहीतर माणसाची वागणूक, सगळं याच मापाने मोजायचा. मुलगा सव्विसाव्या वर्षापर्यंत त्याच्या हाताखाली बरा रंधा मारत होता. मग एक दिवस मुलाने सांगितलं, ‘मी सिनेमात मारामारीला जातोय.’ बाबांनी हातातला रंधा खाली ठेवला आणि त्याच्या कानाखाली एक ठेवून दिली. ती मात्र लागली. गडगड्या लाकडाच्या भुशात जाऊन पडला, आणि मास्तरांनी पाहिलं असतं तर नापास केलं असतं इतका वाईट पडला. त्या दिवसानंतर बाबांनी कधी हात उगारला नाही, त्या चपराकीचा विषय काढला नाही आणि मुलाचा एकही सिनेमा पाहिला नाही. टीव्हीवर लागला तरी चपला घालून खाली जाऊन उभे राहायचे.

गडगड्याला वाटायचं, बाबांना आपली लाज वाटते.

‘लाज कसली?’ बायको एकदा म्हणाली. ‘त्यांना बघवत नाही. तुमच्या लक्षात कसं येत नाही हो?’

त्यानंतर त्याने बाबांना हजारदा सांगून पाहिलं. ‘बाबा, अहो लागत नाही. हात लांबच असतो.’

‘लहानपणीही पडून आलास की असंच सांगायचास,’ बाबा म्हणायचे. ‘गुडघ्यातून रक्त यायचं आणि म्हणायचास, लागलं नाही.’

आयुष्यात गडगड्याला फार काही नको होतं. बाबांनी एकदा, फक्त एकदा, आपलं काम बघावं आणि ते कामच आहे हे मान्य करावं, एवढंच.

आणि नेमका तेव्हा तो सिनेमा आला.

गोष्ट सोपी होती. एक भित्रा कारकून असतो. त्याला उचकी लागली की त्याचा हात आपोआप चालतो आणि समोरचा आडवा होतो. भीतीने उचकी लागते, उचकीने हात चालतो, आणि शेवटी अख्खी टोळी झोपते. मारामारीची मारामारी, हसण्याचं हसणं. नायक होते साहेब. वय बावन्न, पोस्टरवर पस्तीस. अडचण एकच होती. साहेबांचा उजवा खांदा आखडला होता. हात छातीपर्यंत यायचा आणि तिथे फाटक लागल्यासारखा थांबायचा. गुंडाच्या गालापर्यंत पोचायचा तर अजून चांगलं वीतभर अंतर उरायचं. मास्तरांनी कपाळाला हात लावला. त्यांचा तरी वर जात होता.

तोड काढली गडगड्याने. ‘मास्तर, हाताची वाटच बघायला नको. साहेबांनी उचकी दिली की मी मनात एक म्हणतो आणि जातो. हात कुठे का असेना.’ आणि तसंच झालं. या एका सिनेमात तो नऊ वेळा पडला, नऊ वेगवेगळ्या मिशा लावून. जिन्यावरून पडला, भाजीच्या हातगाडीवर पडला, एकदा तर खिडकीतून बाहेर खोक्यांच्या ढिगावर पडला. साहेब उचकी द्यायचे, हात छातीपाशी हलवायचे आणि खुर्चीत जाऊन खांदा शेकत बसायचे. दोन महिन्यांत गडगड्याच्या अंगात ते इतकं भिनलं, की एकदा घरी बायकोला पाणी पिताना उचकी लागली आणि तो बादलीसकट मोरीत आडवा झाला. बायको हसून हसून बेजार झाली. बाबा हसले नाहीत. ते त्याच्या कोपराकडे बघत राहिले.

सिनेमा धो धो चालला. जाहिरात होती, ‘एकही ठोसा खोटा नाही!’ हे अक्कलवंत वाक्य प्रसिद्धीवाल्याचं, आणि त्याचं भलंमोठं पोस्टर नेमकं गडगड्याच्या घरासमोर, बाबांच्या खिडकीसमोर लागलं. साहेबांची मूठ आणि तिच्यासमोर गडगड्याचा वाकडा झालेला चेहरा, मिशी क्रमांक चार. आता बाबांना काय पटवणार, कपाळ? समीक्षकांनी एकमुखाने लिहिलं, की नायकाने हा सिनेमा एकट्याने आपल्या खांद्यावर पेलला आहे. बिचारा खांदा!

पन्नास दिवस झाले म्हणून एका हॉटेलच्या दालनात दुपारी समारंभ ठेवला. लहान कलाकारांनाही आपण मान देतो हे फोटोत दिसावं म्हणून गडगड्याला इस्त्रीचा शर्ट घालून यायला सांगितलं होतं. तो चार पायऱ्या चढून मंचावर गेला. साहेबांच्या हातात सोड्याचा पेला होता. फोटोवाले म्हणाले, ‘साहेब, जरा जवळ घ्या त्याला.’ साहेबांनी एक घोट घेऊन पेला डाव्या हातात घेतला, गडगड्याचा गाल कौतुकाने थोपटायला उजवा हात उचलला, आणि त्याच क्षणी सोडा त्यांच्या नाकापर्यंत चढला.

साहेबांना उचकी लागली.

आयुष्यातली पहिली खरी उचकी असावी ती. गडगड्याच्या डोक्याने काही ठरवायच्या आत अंगाने मनातल्या मनात ‘एक’ म्हटलं. मान गेली, खांदा गेला, कंबर गेली आणि तो चारही पायऱ्या गडगडत, वाटेतली फुलांची कुंडी सोबत घेऊन, थेट पहिल्या रांगेच्या पायाशी जाऊन पडला. त्याच्या मते कारकिर्दीतलं ते सर्वोत्तम पडणं होतं. तीस-चाळीस फोनांनी ते टिपलं.

संध्याकाळपर्यंत पराचा कावळा होऊन गावभर उडत होता. ‘मस्तवाल नायकाने गरीब कलाकाराला भर समारंभात थोबाडलं!’ टीव्हीवर चार शहाणे चार चौकटींत बसून एकाच वेळी बोलू लागले. एकाने चित्र थांबवून त्यावर लाल बाण काढला आणि थपडेचा वेग सांगितला. दुसरा म्हणाला, ही थप्पड एका माणसाला नव्हे, सगळ्या श्रमिकांना आहे. तिसरा म्हणाला, कुंडीचाही विचार व्हायला हवा. कालपर्यंत ज्यांनी साहेबांचे गोडवे गायले होते तेच समीक्षक आता म्हणू लागले, की त्यांच्या अभिनयातली हिंसा आम्हाला आधीपासूनच खटकत होती. गडगड्याला मात्र कुणी काही विचारलं नाही. मार खाणाऱ्याला विचारायची पद्धत नसते.

खालच्या औषधांच्या दुकानदाराने ते चित्र बाबांना दाखवलं. बाबा वर आले, जेवणाचं ताट बाजूला सारलं, पलंगाखालून हत्यारांची पेटी ओढून काढली. करवत पुसली, पटाशीला धार लावली, रंध्याला तेल दिलं. मग पेटी मुलासमोर आणून ठेवली.

‘उद्यापासून ही घ्यायची. तिकडे पाऊल टाकायचं नाही.’

‘बाबा, त्यांचा हात लागलाच नाही.’

‘किती वर्षं खोटं बोलशील रे माझ्याशी?’ बाबांचा आवाज फुटला. ‘मी मारली ती एक मला चौदा वर्षं पचली नाही. आणि लोक तुला रोज मारतात. वर त्याची पोस्टरं लावतात.’

त्या एका चपराकीविषयी बाबा पहिल्यांदाच बोलले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रसिद्धीवाला दारात हजर. हा माणूस दोन महिने त्याला ‘ए’ म्हणत होता. आज ‘अहो भाऊ’ म्हणत आत आला आणि मोडक्या स्टुलावर विनातक्रार बसला. त्याची पंचाईत खरोखर बघण्यासारखी होती. थप्पड लागली म्हणावं तर साहेब गुंड ठरतात. लागली नाही म्हणावं तर लोक विचारणार, हा माणूस हात न लागता असा पडतो, तर सिनेमात काय झालं? मग ‘एकही ठोसा खोटा नाही’चं काय? इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्ही त्याने स्वतःच खणलेली.

‘पण मी मार्ग काढलाय,’ तो म्हणाला आणि खिशातून एक कागद काढला. ‘उद्या पत्रकार येतील. तुम्ही एवढंच म्हणायचं: साहेबांचा हात लागला, खरा लागला, पण प्रेमाने लागला. बस. पुढच्या सिनेमात तुम्हाला बोलायचं काम. चार वाक्यं! आणि पडद्यावर नावांच्या पाटीत नाव. तुमचं खरं नाव. ते काय आहे?’

गडगड्याने नाव सांगितलं. सांगताना त्याचं त्यालाच ते परकं वाटलं. चार वाक्यं म्हणजे थोडीथोडकी गोष्ट नव्हती. चौदा वर्षांत तो फक्त ‘आई गं’ म्हणाला होता, आणि तेही नंतर दुसऱ्याच्या आवाजात भरलेलं.

प्रसिद्धीवाला गेल्यावर बायको पट्टीला टाका घालत म्हणाली, ‘चार वाक्यं सावकाश बोला. आधी एक वाक्य घरात पटवा.’

पत्रकारांच्या सभेला बाबा हट्टाने सोबत आले. ‘मला त्या माणसाचं तोंड बघायचंय,’ म्हणाले. तेच हॉटेल, तेच दालन, कुंडी तेवढी नवी. साहेब मंचावर काळा चष्मा लावून पश्चात्ताप करत बसले होते. नेमका कशाचा पश्चात्ताप ते अजून ठरायचं होतं, म्हणून चेहरा सगळीकडे चालेल असा ठेवला होता. बाबा पहिल्या रांगेत बसले. गडगड्या माइकसमोर उभा राहिला. हातात कागद होता. त्याने वाचायला सुरुवात केली, ‘साहेबांचा हात लागला...’ आणि त्याची नजर खाली गेली. बाबांनी डोळे मिटून घेतले होते आणि खुर्चीचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. टीव्हीवर सिनेमा लागला की खाली जाऊन उभं राहणारा माणूस आज पळूनही जाऊ शकत नव्हता.

गडगड्याने कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

‘हात लागला नाही,’ तो म्हणाला. ‘परवाही नाही आणि सिनेमातही नाही. चौदा वर्षांत मला कुणाचाच हात लागलेला नाही. ते माझं काम आहे.’

एकच गिल्ला झाला. प्रसिद्धीवाल्याचा चेहरा पडला, आणि तो काही सरावाने पडलेला नव्हता. एक पत्रकार ओरडला, ‘तुम्हाला धमकावलंय! पुरावा काय?’ दुसरा म्हणाला, ‘साहेबांनीच करून दाखवावं!’ साहेबांनी खांदा चोळला आणि छताकडे पाहिलं.

‘साहेब कशाला?’ गडगड्या म्हणाला. ‘बाबा, जरा वर येता?’

बाबा चार पायऱ्या चढून आले. त्यांना काही कळत नव्हतं.

‘मला मारा.’

‘डोकं फिरलंय का तुझं?’

‘नुसता हात उगारा, बाबा. लागायच्या आत मी गेलेला असतो. एकदा बघा तरी.’

बाबांनी हात उचलला. त्याच हाताने मारली होती. हात खांद्यापर्यंत आला आणि तिथेच अडकला. तो काही आखडलेला नव्हता. तो पुढे जाईना, एवढंच. डोळ्यांत पाणी उभं राहिलं. गडगड्याने मनात ‘एक’ म्हटलं आणि गेला. मान, खांदा, कंबर, मग टेबलाची कड, मग चार पायऱ्या, आणि खाली शांत.

बाबा धडपडत खाली उतरले. ‘लागलं का रे?’

‘नाही बाबा.’

बाबांनी आपला हात उलटासुलटा करून पाहिला. मग मुलाच्या गालाकडे पाहिलं. मग वाकून पायऱ्या पाहिल्या, मुलाचे बूट पाहिले, आणि त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. दुसऱ्याच्या घरी टेबलाखाली वाकल्यावर व्हायचा तसा.

‘डावा पाय आधी सरकवतोस?’

‘हो.’

‘दिसत नाही.’ मग म्हणाले, ‘परत कर.’

गडगड्या परत पडला. बाबा म्हणाले, ‘परत.’ तो तिसऱ्यांदा पडला. मग बाबांनी त्याला उभं केलं, आपला हात होता तिथे धरला, खिशातून फूटपट्टी काढून एका पत्रकाराच्या हातात दिली आणि अंतर मोजायला लावलं. ‘नऊ इंच,’ पत्रकार म्हणाला. ‘नऊ इंचांची फट!’ बाबा साहेबांकडे वळून म्हणाले. ‘एवढ्यातून मांजर निघून जाईल. आणि तुम्ही पोस्टरवर काय लिहिता?’ सगळे हसले. पश्चात्ताप विसरून साहेबही हसले. प्रसिद्धीवाला मात्र हसला नाही. तो विचार करत होता, आणि अशा माणसाने विचार केला की जगाला त्याचा त्रास होतो.

दुसऱ्या दिवशी पोस्टरवर नवी पट्टी चिकटली. ‘ज्याच्या अभिनयाने माणसं हात न लावता कोसळतात!’ समीक्षक पुन्हा पुढे सरसावले. लिहिलं, की नऊ इंचांवरून प्रहाराचा आभास निर्माण करणं ही नायकाच्या प्रतिभेची कमाल आहे. चौकटीतल्या चार शहाण्यांनी थपडेच्या जागी हवेचा दाब समजावून सांगितला. सिनेमा आणखी पन्नास दिवस चालला. चार वाक्यं दुसऱ्याच कुणाला तरी मिळाली. गडगड्याला आता बोलावणार नाहीत असंच सगळ्यांना वाटत होतं, पण साहेबांच्या पुढच्या सिनेमासाठी मास्तरांनी पाच जणांना पाडून पाहिलं, आणि वीतभर अंतरावरून पडायला पाचांपैकी एकालाही जमेना. शेवटी ‘ए गडगड्या’ म्हणून फोन आलाच.

हत्यारांची पेटी बाबांनी स्वतःच पलंगाखाली सरकवली. त्या रविवारी सकाळच्या खेळाला ते इस्त्रीचा सदरा घालून तयार होऊन बसले. ‘चला,’ म्हणाले.

थिएटर भरलेलं होतं. साहेब पडद्यावर आले की लोक शिट्ट्या मारत होते, उचकी लागली की खुर्च्यांवर उभे राहत होते. बाबा ताठ बसून होते. प्रत्येक वेळी मिशी बदलली तरी ते मुलाला ओळखायचे आणि एक बोट दुमडायचे. गडगड्या पडदा बघतच नव्हता. तो अंधारात बाबांचा हात बघत होता. नऊ बोटं दुमडून झाली, दिवे लागले, लोक साहेबांच्या नावाचा जयघोष करत बाहेर पडले. बाबा बसूनच राहिले.

‘सहाव्यांदा सांधा दिसला,’ शेवटी ते म्हणाले. ‘हातगाडीवर. तुझ्याआधी तुझी मिशी पडली.’

‘हो बाबा. ते आम्हालाही खटकलं होतं.’

‘बाकी आठ चोख.’

गडगड्याने मान वळवून डोळे पुसले. सुनेने सासऱ्यांना हात देऊन उठवलं. दारापाशी आल्यावर बाबा थांबले आणि काहीतरी राहून गेल्यासारखे मागे वळून पडद्याकडे बघू लागले.

‘एक विचारू का रे? तो मधे मधे उचक्या देत येत होता, तो कोण?’